साडेचार वर्षांच्या मुलीसाठी इलेक्ट्रिक टूथब्रश: घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?

ओवीची_आई

नमस्कार मंडळी. शोधून पाहिलं, यावर वेगळा धागा दिसला नाही म्हणून काढते आहे.

लेक साडेचार वर्षांची. सकाळी कसंबसं घासून होतं, रात्री मात्र रोजचा तमाशा. आधी तोंड उघडत नाही, उघडलं की ब्रश चावून धरते आणि मग "झालं, झालं" करत पळ काढते. शाळेतल्या तपासणीत दोन दाढांवर तपकिरी डाग निघाले. डॉक्टरांनी "कीड सुरू होतेय, घासणं सुधारा" एवढंच सांगून पुढच्या मुलाला बोलावलं. नणंदेच्या मुलाकडे फिरणारा ब्रश आहे, तो बघितल्यापासून हिचं "मला पण घुर्रवाला हवा" सुरू झालंय.

ऑनलाइन बघायला गेले तर तीनशे-चारशे रुपयांपासून तीन हजारांच्या वरपर्यंत सगळं आहे. काही सेलवर चालतात, काही चार्जिंगचे. कुठे गोल डोकं, कुठे लांबट. एक तर चक्क इंग्रजी यू आकाराचा, तोंडात धरला की सगळे दात एकदम घासून देणारा! या वयात असले ब्रश चालतात का? हिरड्यांना इजा नाही ना होणार? सासूबाईंचं म्हणणं, "दुधाचे दात पडायचेच आहेत, कशाला पैसे घालवतेस?" त्यांना काय सांगू तेही सुचवा.

कोथरूडकर

आम्ही राखुंडीने दात घासले, मग मंजन आलं, मग पेस्ट. कुणाचं काही अडलं नाही. हल्ली पोरांना दात घासायलाही मोटार लागते. हलकेच घ्या.

आज्जी_ऑनलाइन

कोथरूडकर, त्या राखुंडीवाल्या पिढीतले किती जण आज स्वतःच्या दातांनी चकली खातात, तेही सांगून टाका की. आमच्या आळीत पन्नाशीला कवळी ही नेहमीची गोष्ट होती. आम्ही तिला म्हातारपण म्हणायचो, एवढंच.

कोथरूडकर

आज्जी, शरण आलो.

दंतकथा

मी बालदंतवैद्य आहे. कुठल्याही ब्रश कंपनीशी माझा संबंध नाही. आधी सासूबाईंचं घेऊ, कारण घरोघरी हेच ऐकू येतं.

दुधाचे दात वीस. त्यातले पुढचे सहा-सातव्या वर्षी पडायला लागतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. ओवीला त्या दाढांनी अजून सहा-सात वर्षं जेवायचं आहे. या दातांचं वरचं कवच पक्क्या दातांपेक्षा पातळ असतं, त्यामुळे कीड लागली की दाताच्या आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. आज डाग दिसतो आणि काही महिन्यांनी मूल रात्री रडत उठतं. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही. तारा लावायचा खर्च ऐकला की आजी लोकांचा विरोध मावळतो, हा अनुभव आहे.

आणखी एक, जे फार थोड्या पालकांना माहीत असतं. साधारण सहाव्या वर्षी पहिली पक्की दाढ येते ती सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली घरात कुणाला कळतही नाही. आठ वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ दाखवत "ही पडेलच ना?" असं विचारणारे पालक आठवड्याला एखादे तरी येतात. ती दाढ जन्माची असते. ब्रश कुठलाही घ्या, तो तिथपर्यंत पोचायला हवा.

आता इलेक्ट्रिकचं. कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून आढावा घेतला होता. विजेवरच्या ब्रशने दातांवरचा जंतूंचा चिकट थर (प्लाक) हातब्रशपेक्षा पहिल्या एक ते तीन महिन्यांत सुमारे ११ टक्के आणि तीन महिन्यांनंतर सुमारे २१ टक्के कमी आढळला. हिरड्यांची सूजही थोडी कमी. फायदा आहे, पण तो थराचा आणि हिरड्यांचा आहे. "कीड लागणारच नाही" असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. कीड थांबवण्यात मोठा वाटा फ्लोराइडचा आणि खाण्याच्या सवयींचा.

तीन वर्षांच्या आत मऊ हातब्रशच बरा. तीननंतर मुलांसाठीचा इलेक्ट्रिक चालतो. इजा होते ती दाबून घासल्याने, आणि ती साध्या ब्रशनेही होतेच. सात-आठ वर्षांपर्यंत मात्र ब्रश आई-बाबांच्या हातात. मुलाला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही तोवर त्याला मागची दाढ आतून घासता येत नाही, असा आमच्याकडे ढोबळ हिशेब आहे. मोटार लावली म्हणून हे बदलत नाही. उलट पालक निर्धास्त होतात आणि मूल चालू ब्रश पुढच्या चार दातांवर धरून कार्टून बघत बसतं.

ओवीची_आई

डॉक्टर, खूप आभार. हे सासूबाईंना वाचून दाखवणार आहे. पण तोंडच उघडत नाही त्याचं काय करू?

दंतकथा

तिला आरशासमोर उभी करा आणि तुम्ही मागे उभ्या राहा. तिचं डोकं तुमच्या पोटाला टेकलेलं, हनुवटी किंचित वर. डाव्या हाताच्या तर्जनीने गाल आतून बाजूला धरा. मुलं ब्रश चावतात ती बहुतेक गालावर ब्रशची दांडी टोचते म्हणून. सुरुवात मागच्या दाढांपासून करा, कारण पहिल्या मिनिटात जो संयम असतो तो नंतर राहत नाही. इलेक्ट्रिक असेल तर मागेपुढे खरवडू नका. हिरडी आणि दात मिळतात तिथे केस तिरके टेकवायचे, दोन-तीन सेकंद थांबायचं, पुढच्या दातावर सरकायचं. काम ब्रश करतो, तुम्ही फक्त जागा बदलायची.

पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नाही.

सर्किट

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. दातांचं डॉक्टरांनी सांगितलं, मी आतलं सांगतो.

तीन प्रकार आहेत. पहिला, छोटं गोल डोकं डावीकडे-उजवीकडे अर्धवट गोल फिरतं. ओरल-बीचे बहुतेक असे असतात, त्यांचं साधं मॉडेल मिनिटाला ७,६०० वेळा हलतं. दुसरा सोनिक, लांबट डोकं, केस फार वेगाने थरथरतात. फिलिप्सचा सोनिकेअर मिनिटाला साधारण ३१,००० हालचाली सांगतो. तिसरा म्हणजे बाजारातले बहुतेक स्वस्त सेलवाले. यांच्या खोक्यावरही मोठ्या अक्षरांत सोनिक लिहिलेलं असतं, पण उघडून बघितलं तर मोटारीच्या दांड्यावर एका बाजूला जड वजन बसवलेलं, मोबाइल व्हायब्रेट होतो तशी सगळी मूठ थरथरते. केसांना त्यातलं थोडंच मिळतं. वाईट नाही, पण तो जवळजवळ हातब्रशच समजा आणि हात फिरवा.

सेलवाल्याची दुसरी अडचण: सेल उतरताना वेग हळूहळू कमी होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. चार्जिंगवाला बराच काळ सारख्या वेगाने चालतो आणि मग एकदम बंद पडतो. मुलांच्या बाबतीत हे बरं.

सुरक्षेचं नीट वाचा. सेलचं झाकण नाण्याने किंवा स्क्रूने उघडणारं असावं, नखाने निघणारं नको. आणि बटण-सेलवर चालणारं काहीही लहान मूल असलेल्या घरात ब्रश म्हणून आणू नका. तो चपटा सेल गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. डोकं नीट बसलंय का, हेही रोज ब्रश चालू करण्याआधी ओढून बघा. २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) स्पिनब्रश या सेलवर चालणाऱ्या ब्रशबद्दल इशारा दिला होता. चालू असताना डोकं सुटून लोकांचे दात तुटले, हिरड्या कापल्या, तुकडे घशात गेले. त्यात लहान मुलांची मॉडेल्सही होती.

आणि हो, अमेरिकेहून मामा-मावशीने ब्रश आणला असेल तर चार्जरच्या बुडाखालचं बारीक अक्षर वाचा. १००-२४० व्होल्ट असेल तर बिनधास्त लावा. नुसतं ११०-१३० असेल तर आपल्या २३० वर लावलात की संपला. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांत असे बरेच असतात आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

दोनपोरांचाबाप

सर्किटराव, +१. मी एक भर घालतो, जी खरेदीच्या वेळी कुणी बघत नाही. आधी डोक्याची, म्हणजे रिफिलची किंमत बघा, मग मुठीची.

आम्ही ऑनलाइन एक गोंडस ब्रश घेतला होता. पांडाचा, कान वगैरे असलेला. सोबत दोन डोकी आली. ती संपली तोवर ते पानच साइटवरून गायब. कंपनीला मेल केले, उत्तर नाही. दुसऱ्या कुठल्याच कंपनीचं डोकं बसत नाही. मूठ ठणठणीत आहे, चार्ज होते, आता धाकटा तिने भिंतीवर ड्रिलिंग करतो.

डोकं तीन महिन्यांनी बदलायचं, केस फाकले तर आधीच. म्हणजे वर्षाला चार, दोन मुलं असतील तर आठ. मूठ एकदाच घ्यायची असते, हा खर्च मात्र चालू राहतो. त्यामुळे ज्याची डोकी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नाही तरी निदान शहरातल्या दोन-तीन ठिकाणी मिळतात तेच घ्यावं. काही सेलवाल्यांचं डोकं तर बदलताच येत नाही, अख्खा ब्रश टाकायचा. तो कचरा वेगळाच.

सर्किट

बरोबर. ओरल-बीच्या गोल डोक्यांचा फायदा हा की आयओ आणि पल्सोनिक ही मॉडेल्स सोडली तर ती एकमेकांच्या मुठींवर बसतात. मोठ्यांची मूठ घरात असेल तर तिच्यावर मुलांचं मऊ डोकं लावता येतं. फक्त मूठ जाड आणि जड, आणि मोठ्यांच्या मुठीचा जोरही जास्त असू शकतो. तुम्ही स्वतः घासून देणार असाल तरच.

लीड्सकर

इकडे इंग्लंडमध्ये अठरा वर्षांपर्यंत मुलांचे दात सरकारी सेवेत फुकट बघतात. अपॉइंटमेंट मिळाली तर. इथल्या दंतवैद्य बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मी भारतात कधी ऐकली नव्हती: घासून झाल्यावर थुंकायचं, पण चूळ भरायची नाही. पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहायला हवं. आमच्या आईला हे अजिबात पटत नाही. ती आली की नातवाला तीन-तीन चुळा भरायला लावते.

पेस्टवर पीपीएमचा (दहा लाख भागांत फ्लोराइडचे किती भाग) आकडा बघायची सवयही इथेच लागली. तीन वर्षांच्या आत किमान १०००, त्यापुढे १३५० ते १५०० असं सांगतात. भारतातून आलेल्या मुलांच्या पेस्टवर शोधलं तर आकडाच सापडेना.

ब्रशचं म्हणाल तर इथल्या चार्जरला न्हाणीघरातल्या शेव्हर सॉकेटचा (दाढीच्या यंत्रासाठीचं) दोन पिनांचा प्लग असतो. खोलीत लावायला वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो, इथे नवीन आलेल्यांनी लक्षात ठेवा.

दंतकथा

लीड्सकर, चांगला मुद्दा काढलात. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमच्या वर फ्लोराइड घालायला कायद्याने परवानगी नाही. मुलांच्या चवीच्या पेस्टांपैकी काहींत ५०० च्या आसपास असतं, काहींत शून्य. "फ्लोराइडमुक्त" हे हल्ली गुणासारखं छापतात. कीड सुरू झालेल्या मुलाला तशी पेस्ट म्हणजे नुसता स्ट्रॉबेरीचा वास. ओवीच्या आईंनी ब्रशआधी घरातली ट्यूब उलटून बघावी.

एक अपवाद. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या भागांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी चट्टे दिसतात. तिथल्या मंडळींनी पाणी तपासून, आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. ओवीचे डागसुद्धा कीडच आहे का, हे एकदा नीट उजेडात, खुर्चीवर बघून घ्या. शाळेतली तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. खाजगी परवडत नसेल तर मुंबईत नायर दंत महाविद्यालय आहे, मुंबई-नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे मुलांचा वेगळा विभाग असतो.

शांत_वादळ

माझ्या मुलाला आवाजाची आणि स्पर्शाची फार भीती (स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे). मिक्सर लावला तरी कान झाकतो. त्यामुळे इलेक्ट्रिक ब्रश घ्यायची हिंमतच होत नव्हती. त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने सांगितलेला क्रम लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी ब्रश बंदच ठेवून त्यानेच घासायचं. मग चालू करून फक्त हातात धरायचा. मग त्याच्या अंगठ्याच्या नखावर टेकवायचा. नखावर गुदगुल्या होतात पण दुखत नाही, आणि तो स्वतः दूर करू शकतो. मग ओठांवर, मग दाढांवर. पुढचे दात सगळ्यात शेवटी, तिथे झिणझिण्या डोक्यात जातात असं तो म्हणतो. गंमत म्हणजे साध्या ब्रशला तो जास्त विरोध करायचा, कारण माझा हात कधी जोरात तर कधी हळू. मशीनचं सारखं असतं, ते त्याला आवडलं. प्रत्येक मुलाचं असंच होईल असं नाही. आमच्याच गटातल्या एका मुलीला अजिबात चाललं नाही.

आवाज आधी ऐकून बघता आला तर बघा. सोनिकचा बारीक गुणगुणता, फिरणाऱ्याचा खरखरीत. दुकानदार खोकं फोडून देत नाहीत, पण ओळखीत कुणाकडे असेल तर जाऊन या.

मी_नवीन

माझा पहिलाच प्रतिसाद. तो यू आकाराचा ब्रश मी मागवणार होते, जाहिरातीत पंधरा सेकंदांत दात चकाचक दाखवतात. घेऊ का?

दंतकथा

नका घेऊ. प्रत्येक मुलाचा जबडा वेगळा, साचा एकच. त्यातले केस आखूड आणि बहुतेक सिलिकॉनचे, ते ना हिरडीच्या कडेला पोचतात ना मागच्या दाढेच्या खाचांत. मूल चावत बसतं, फेस होतो, पुदिन्याचा वास येतो, सगळ्यांना वाटतं झालं.

कोथरूडकर

अवांतर: राखुंडीचा विषय मीच काढला म्हणून सांगतो, गावाकडे अजून मशेरी लावणाऱ्या बायका बघितल्यात. पोरंसुद्धा बोटाला लावून घासतात.

दंतकथा

ती भाजलेली तंबाखू असते हो. मुलांच्या हाताला लागू देऊ नका, आणि घरात कुणी लावत असेल तर तोंड तपासून घ्या. कोळशाच्या काळ्या पेस्टही मुलांना नकोत, दात घासले जाण्याऐवजी झिजतात.

आज्जी_ऑनलाइन

धागा भरकटून त्याचं काश्मीर व्हायच्या आत परत दातांवर येऊ या. ब्रश घ्याल तो घ्याल, पण रात्री घासून झाल्यावर गोड दुधाचा पेला देता की नाही ते कुणीच विचारलं नाही. आमच्या नातीला तीच सवय होती. वर दुपारी शाळेतून आल्यावर मारीची बिस्किटं, ती दाढेत पिठासारखी चिकटून बसतात. दूध आधी, मग ब्रश, मग फक्त पाणी. रात्री तोंडातली लाळ कमी होते, त्यामुळे जे दातावर राहील ते सकाळपर्यंत राहील.

ओवीची_आई

आज्जी, पकडलंत. बोर्नव्हिटाचं दूध झोपताना असतंच.

दोनपोरांचाबाप

थोरला सात वर्षांचा आहे, स्वतः घासतो आणि "घासलंय" म्हणून शपथा खातो. आम्ही मेडिकलमधून थर दाखवणाऱ्या गोळ्या आणल्या. गोळी चावून चूळ भरली की जिथे थर राहिलाय तिथे गुलाबी रंग चढतो. त्याने दोन मिनिटांचा टायमर पूर्ण करून घासल्यावर दिली. पुढचे दात पांढरेशुभ्र, आणि खालच्या दाढांच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूला सलग गुलाबी पट्टा, दोन्हीकडे. टायमर वेळ मोजतो, ब्रश कुठे होता ते मोजत नाही. तेव्हापासून आतल्या बाजू मी करतो, बाहेरच्या तो. शनिवारी गोळी. रविवारी देऊ नका, ओठ दिवसभर रंगलेले राहतात आणि पाहुणे विचारतात.

टायमरवरून आठवलं, फिलिप्सच्या मुलांच्या ब्रशचा टायमर ९० दिवसांत हळूहळू दोन मिनिटांपर्यंत वाढत जातो. कल्पना चांगली आहे. ॲप आणि स्टिकरचं कौतुक मात्र दोन आठवडे टिकतं. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका, आणि न्हाणीघरात फोन नेण्याची सवय लागते ती निराळी.

ओवीची_आई

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांनी सांगितलं तसं आरशासमोर उभी करून काल साध्याच ब्रशने घासलं. गाल बोटाने धरल्यावर खरंच चावली नाही. ट्यूब उलटून बघितली, फ्लोराइडचा उल्लेखच नाही. ती बदलते आहे. दाढा दाखवायला शुक्रवारची वेळ घेतली.

ब्रश चार्जिंगचाच घ्यायचं ठरतंय, लहान गोल मऊ डोक्याचा, ज्याची रिफिलं आमच्या इथे मिळतात तो. एक शंका राहिली. नणंद तिच्या मुलासह दिवाळीत महिनाभर राहायला येते. एका मुठीवर दोघांची वेगवेगळी डोकी लावली तर चालेल का?

सर्किट

चालेल. डोक्याच्या बुडाशी वेगवेगळ्या रंगांच्या कड्या येतात त्या त्यासाठीच असतात, नसतील तर रंगीत रबर अडकवा. मात्र रोज रात्री डोकं काढून मूठ आणि डोकं दोन्ही नळाखाली धुवा आणि वेगवेगळी उभी वाळवा. डोकं कायम चढवून ठेवलं तर आत पेस्ट आणि पाणी साचून काळपट चिकट थर धरतो. पावसाळ्यात कोकणात तर फारच. प्लास्टिकची टोपी घालून ठेवू नका, ती फक्त प्रवासात.

आज्जी_ऑनलाइन

आणि दोघांमध्ये "आधी मी" वरून भांडण होणार, त्याचंही बघून ठेवा.